‘घरी कोण कोण असतं?’

सरकारी रुग्णालयात कोणाला दाखल करायची वेळ आली असेल, तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. डॉक्टरांचा राउंड होऊन जातो, गोळ्या लिहिल्या जातात आणि थोड्या वेळाने हातात वही घेतलेल्या एक मॅडम खाटेशी येऊन बसतात. नाडी बघत नाहीत, रिपोर्ट मागत नाहीत. विचारतात, ‘‘घरी कोण कोण असतं?’’ मग मिळवतं कोण, नवरा दारू पितो का, माहेरचं कुणी येतं-जातं का. या समाजसेवा अधीक्षक. नातेवाइकांना वाटतं, बाई भलतीच चौकस आहे. खरं सांगायचं तर काही डॉक्टरांनाही तसंच वाटतं.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलेली माणसं आपल्याकडे नवीन नाहीत. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत समाजसेवक असतातच. पण ‘शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर यांच्यापैकी कुणाचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. प्रयोग करायचे ते डॉक्टरांनी; समाजसेवकाने रेशनकार्डाची झेरॉक्स जोडायची आणि योजनेचा फॉर्म भरायचा, अशी आपली समजूत.

मर्ना वाइसमन या अमेरिकन बाईंची गोष्ट म्हणून सांगावीशी वाटते. समाजसेविकेचा तो चौकस प्रश्न औषधाइतक्याच काटेकोरपणे तपासता येतो, हे दाखवण्यात त्यांची पन्नासहून अधिक वर्षं गेली.

वाइसमन 1935 साली बोस्टनमध्ये जन्मल्या. 1958 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. नवरा जीवशास्त्रज्ञ, पदरात चार मुलं. न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या गावात, बिऱ्हाड स्थिरावलं तेव्हा त्यांना हवी होती अर्ध्या वेळेची नोकरी. ती 1967 मध्ये मिळाली. जेराल्ड क्लर्मन नावाचे एक तरुण मनोविकारतज्ज्ञ डिप्रेशनच्या औषधाची चाचणी सुरू करत होते, त्यांना हाताखाली माणूस हवा होता.

डिप्रेशनवरच्या गोळ्यांना तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. गोळीने बरं वाटतं हे कळलं होतं, पण बरं वाटल्यावर ती किती दिवस चालू ठेवायची हे कुणालाच माहीत नव्हतं. क्लर्मन यांचं म्हणणं असं, की दवाखान्यात येणाऱ्या पेशंटला नुसती गोळी कधीच मिळत नाही, त्याच्याशी कुणीतरी बोलतंही. मग चाचणीत बोलणंही आलंच पाहिजे. अमिट्रिप्टिलिन घेऊन सुधारलेल्या 150 स्त्रिया निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना गोळी चालू ठेवली, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, काहींना काहीच दिलं नाही. या तिन्ही गटांतल्या निम्म्या बायकांना आठवड्यातून एकदा समाजसेविकेशी बोलायला बोलावलं. आठ महिने हे चाललं.

अडचण बोलण्याचीच होती. गोळी कारखान्यात एकसारखी तयार होते. बोलणं प्रत्येक तोंडातून वेगळं निघतं. एकीने धीर दिला, दुसरीने उपदेश केला, तिसरी नुसती ऐकत बसली, तर तपासायचं नेमकं काय? त्यासाठी बोलण्याची पाककृती लिहावी लागणार होती: किती वेळ बोलायचं, कशाबद्दल, काय बोलायचं नाही. लिहायला बसलेल्या वाइसमन यांच्याकडे मनोविश्लेषणाचं जडजंबाल शास्त्र नव्हतं. त्यांच्याकडे समाजसेविका म्हणून हाताखालून गेलेली माणसं होती. घरी कोण असतं, कुणाशी पटत नाही, आजार सुरू झाला तेव्हा घरात काय चाललं होतं, या प्रश्नांभोवतीच त्यांनी उपचार बांधला. चाचणीत त्याला नावसुद्धा धड नव्हतं. ‘जास्त भेटींचा गट’ एवढंच म्हणायचे.

गोळी चालू ठेवलेल्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. बोलण्याने ते फारसं थांबलं नाही. मात्र बोलणाऱ्या बायकांचं घरातलं, कामावरचं, माणसांतलं वागणं सुधारलं, आणि हा फरक लगेच दिसला नाही. सहा ते आठ महिन्यांनी दिसला. चाचणी दोन-तीन महिन्यांत आटोपली असती, तर ‘बोलून काही होत नाही’ असा शेरा मारून फाईल बंद झाली असती.

आता ‘माणसांतलं वागणं’ मोजायचं कसं? वाइसमन आणि त्यांचे सहकारी युजीन पेकेल यांनी त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. काम, फुरसत, नातेवाईक, जोडीदार, मुलं, संसार असे भाग पाडून गेल्या काही दिवसांत काय झालं ते विचारायचं आणि गुण द्यायचे. ती आजही जगभर वापरली जाते. 40 आजारी स्त्रिया आणि त्यांच्याच शेजारपाजारच्या 40 निरोगी स्त्रिया यांची ही मोजमापं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. तोवर मानसशास्त्राची पुस्तकं सांगायची, की उदास माणसाचा राग आत वळतो, बाहेर येत नाही. डॉक्टरांसमोर खरंच येत नव्हता, तिथे या बायका गरीब गाय असत. घरी मात्र मुलांवर आणि नवऱ्यावर आग पाखडत. राग मोजायला दवाखान्यात बसलेल्या माणसाला तो दिसणार नव्हता. घरचं विचारणाऱ्याला दिसला. माझ्या मते या बाईंच्या सगळ्या कामातलं हे सर्वांत सुंदर निरीक्षण आहे. उदास आईच्या घरातल्या पोरांना ते कुठल्याही संशोधनाआधी ठाऊक असतं.

त्या पाककृतीची पुढे आयपीटी (इंटरपर्सनल सायकोथेरपी, म्हणजे नात्यांच्या अंगाने जाणारा बोलण्याचा उपचार) नावाची उपचारपद्धती झाली, 1984 साली तिचं पुस्तक आलं. बारा ते सोळा आठवडे, आठवड्याला एक भेट. सुरुवातीलाच पेशंटला स्वच्छ सांगायचं, की हा आजार आहे, तो बरा होतो, यात तुमचा दोष नाही. मग दुखणं कुठल्या वळणावर सुरू झालं ते शोधायचं. कुणी गेलं का? कुणाशी बिनसलं का? आयुष्याची घडी बदलली का, म्हणजे लग्न, बाळंतपण, निवृत्ती, परगावी बदली? की मुळात माणसंच कमी आहेत? या चारांपैकी एक-दोन धागे धरायचे आणि तेवढ्यावरच काम करायचं. बालपण उकरत बसायचं नाही. नात्यांमुळेच डिप्रेशन येतं असा आयपीटीचा दावा नाही. आजारात आनुवंशिकता आहे, मेंदूतली रसायनं आहेत. पण तो येतो तो कुठल्यातरी घरात येतो, आणि घराच्या बाजूने त्याला हात घालता येतो. 1989 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तीन शहरांत केलेल्या मोठ्या तुलनेत ही पद्धत औषध आणि इतर उपचारांच्या पंगतीला बसली.

एक शंका मला राहतेच. घरी कसं बोलावं हे उपचार घेणाऱ्या बाईला शिकवता येतं. ऐकणाऱ्याला कोण शिकवणार? दारुड्या नवऱ्यापुढे शब्द नीट निवडले म्हणून बाटली रिकामी होत नाही. आयपीटीवाले याला प्रामाणिक उत्तर देतात: वाद मिटत नसेल तर तो मिटणार नाही हे ओळखून पुढची वाट ठरवणं, हेही उपचारातच येतं. उत्तर पटतं, पण अर्धंच.

क्लर्मन यांनी त्यांना पीएचडी करायला सुचवलं. ती 1974 मध्ये येलमधून मिळाली तेव्हा वाइसमन चाळिशीला टेकल्या होत्या. विषय निवडला साथरोगशास्त्राचा, आणि तिथे प्रश्नाचं वजनच बदललं. आता एका पेशंटच्या घरात कोण आहे एवढं पुरणार नव्हतं, सबंध गावातल्या किती घरांत हा आजार आहे ते मोजायचं होतं. दवाखान्यात येणारे मोजून ते कळत नाही, कारण बहुतेक जण येतच नाहीत. त्यामुळे न्यू हेवनमध्ये दारोदार जाऊन पाचशेच्या आसपास माणसांच्या मुलाखती झाल्या. 1980 नंतर पाच ठिकाणी मिळून वीस हजारांच्या घरात माणसं तपासली गेली, त्यातलं एक ठिकाण न्यू हेवन होतं.

या मोजणीने काही जुने समज मोडले. पाळी जाण्याच्या वयात बायकांना एक वेगळ्या जातीचं डिप्रेशन होतं, असं वैद्यकाची पुस्तकं पिढ्यान् पिढ्या सांगत होती. वाइसमन यांनी 1979 मध्ये आकडे मांडून लिहिलं, की असा वेगळा आजार नाहीच. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून तो गेला. डिप्रेशन हे उतारवयाचं दुखणं नसून बहुतेकदा तरुणपणीच सुरू होतं, हेही याच काळात उघड झालं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि ही दुप्पट फक्त ‘बायका जास्त बोलून दाखवतात’ म्हणून दिसत नाही, असं त्यांनी आणि क्लर्मन यांनी 1977 मध्येच मांडलं होतं. (या दोघांनी 1985 मध्ये लग्नही केलं. क्लर्मन 1992 मध्ये गेले.)

तरुणपणी आजार होणार म्हणजे पदरात लहान मुलं असतानाच होणार. त्या मुलांचं काय होतं? 1982 मध्ये वाइसमन यांनी डिप्रेशन असलेले आईबाप, नसलेले आईबाप आणि दोघांची मुलं यांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, अभ्यास थांबला नाही. तिसरी पिढी त्यात आली. आजारी आईबापांच्या मुलांना डिप्रेशन होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. हे ऐकून कोणाही आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून पुढचं लगेच सांगितलं पाहिजे. 2006 साली त्यांच्याच गटाने 151 आया आणि त्यांची 7 ते 17 वयाची मुलं तपासली. औषधोपचाराने तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण 11 टक्क्यांनी उतरलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांमध्ये ते सुमारे 8 टक्क्यांनी चढलं. मुलांना यात एकही गोळी दिली नव्हती. अर्थात आई बरी झाल्यामुळेच मूल सुधारलं, की घरात दुसरंच काही निवळल्याने दोघं सुधारली, हे एवढ्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी उपचार घेताना ‘माझ्यावर कशाला खर्च, पोरांचं बघा’ म्हणणाऱ्या बायकांसाठी हा आकडा मी पाठ करून ठेवला आहे.

नंतर ही पाककृती युगांडात गेली. नैर्ऋत्य युगांडातल्या मसाका आणि राकाई जिल्ह्यांत एड्सने घरंच्या घरं उद्ध्वस्त केली होती. डिप्रेशनची औषधं परवडणारी नव्हती, डॉक्टर नव्हते. संशोधकांनी आधी गावकऱ्यांना विचारलं, की या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? दोन शब्द हाती आले. एकाचा अर्थ स्वतःचा तिटकारा येणं, दुसऱ्याचा स्वतःची कीव येणं. ते दोन्ही धरून उपचार तिथल्या भाषेत बसवला. 30 गावं निवडली, बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे गट केले. गट चालवणारे तिथलेच, वैद्यकाचा गंध नसलेले, दोन आठवडे शिकवून तयार केलेले. सोळा आठवडे, दर आठवड्याला दीड तास. शेवटी गटात बसलेल्यांपैकी 6.5 टक्क्यांमध्ये डिप्रेशन उरलं होतं. न बसलेल्या गावांत 54.7 टक्क्यांमध्ये. 2003 मध्ये हे छापून आलं तेव्हा अनेकांना खरं वाटेना. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गटातल्या आयपीटीची मार्गदर्शिका काढली.

आपल्या शेजारी, गोव्यातही तो प्रश्न पोचला होता. तिथल्या ‘मानस’ चाचणीत 12 सरकारी आणि 12 खासगी दवाखान्यांत मिळून जवळपास 2,800 पेशंट होते. आरोग्यसेवेत कधीच काम न केलेल्या स्थानिक मुलींना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं. पेशंटला आजार समजावून सांगायचा, आणि गरज पडली तर आयपीटी. निकाल 2010 मध्ये आला. सरकारी दवाखान्यांत निदान पक्कं झालेल्यांपैकी 65.9 टक्के सहा महिन्यांत सावरले. समुपदेशक नव्हत्या तिथे 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असल्या-नसल्याने काहीच फरक पडला नाही. दोन्हीकडे पासष्टीच्या आसपासच.

याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक गोव्यात किंवा कोकणात राहिलेल्या कोणालाही सुचेल. तिथला खासगी डॉक्टर म्हणजे बहुधा घराण्याचा डॉक्टर. स्टेथोस्कोप कानाला लावता लावता तो विचारतो, ‘‘आई कशी आहे गं आता? आणि थोरला दुबईहून आला का?’’ त्या दवाखान्यात तो प्रश्न आधीपासूनच विचारला जात होता.