खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय की इस्रोत जायचंय?

शनीची कडी बघून पोर हरखलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "मग इस्रोतच जा!" गल्लत इथेच होते. इस्रोचं मुख्य काम रॉकेट आणि उपग्रह बनवणं, सोडणं, चालवणं. खगोलशास्त्रज्ञाचं लक्ष असतं त्यातून काय दिसतं याकडे.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल1 यानामध्ये दोन्ही कामं एकत्र बघायला मिळतात. त्यावरची 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या खगोल संशोधन संस्थेने साकारली. सूर्य कोणत्या तरंगलांबीत टिपायचा, त्यासाठी कोणते 11 फिल्टर लावायचे, हे खगोलवाल्यांनी ठरवायचं. उड्डाणाचे हादरे सोसून आरसे जागेवर राहतील का, 15 लाख किलोमीटरवरून माहिती खाली कशी आणायची, ही डोकेदुखी अभियंत्यांची. 6 जानेवारी 2024 ला यान ठरल्या कक्षेत पोहोचलं. अभियंत्यांची मोठी परीक्षा पार पडली आणि खगोलवाल्यांची सुरू झाली.

हे खगोलवाले दुर्बिणीला डोळा लावून बसतात, असं मात्र समजू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांचा वेळ हवा तर आधी प्रस्ताव लिहायचा. मंजूर झाला तर मोजके तास पदरात पडतात. मग माणसांच्याच यंत्रांनी केलेला रेडिओ-गोंगाट गाळत, पायथन या संगणकभाषेत कोड लिहीत महिने जातात. आणि जागरण? रेडिओ दुर्बीण भरदिवसाही चालते.

वाटाही वेगळ्या. खगोलासाठी बीएस्सी फिजिक्स किंवा आयसर ही केंद्र सरकारची विज्ञानसंस्था, मग 'जेस्ट'सारखी पीएचडीची प्रवेश परीक्षा, पाच-सहा वर्षांची पीएचडी, त्यानंतर बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. इस्रोसाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमधलं बीई आणि भरती परीक्षा, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड देऊन तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ-तंत्रज्ञान शिकवणारी संस्था. इस्रोत विशीतच पगार सुरू होऊ शकतो.

बीटेक करून खगोलाच्या पीएचडीला गेलेले बरेच आहेत. फिजिक्सवाल्यांना इस्रोत जागा त्या मानाने थोड्या. म्हणून "आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू" असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अर्धाच पटतो. ज्याला क्वांटम मेकॅनिक्स शिकायची ओढ आहे, त्याने चार वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि वर्कशॉप कशाला करायचं?

हातांनी काम करायची आवड आणि विश्वाचं कुतूहल दोन्ही असेल, तर उपकरणं घडवणाऱ्यांची तिसरी जातही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. त्यातली निर्वात पोकळी, लेझर आणि आरसे सांभाळायला फिजिक्सवालेही लागतील, इंजिनिअरही.