एलएमएस बदलताना प्राध्यापकांना मदत : मागचं थोडं

परभणीकडच्या आमच्या कॉलेजात या सेमिस्टरपासून गूगल क्लासरूम सोडून मूडलवर जायचंय, दोन्ही एलएमएसच, म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, नोट्स-असाइनमेंट ठेवायची ऑनलाइन जागा, स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही, म्हणून हे मागचं लिहून काढतोय.

मूडल 2002 ला ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून आलं, फुकट आणि ओपन सोर्स, पण तेव्हा आमच्याकडं कॉम्प्युटर लॅब म्हणजे चपला बाहेर काढून जायची खोली होती. क्लासरूम 2014 चं. आमची खरी सुरुवात मात्र मार्च 2020 ला. आधी व्हॉट्सअप ग्रुप, मग क्लासरूमचा कोड. ट्रेनिंग कुणी दिलं नाही, "सर, खाली प्लसचं चिन्ह दिसतंय का, ते दाबा" असं फोनवर एकमेकांना विचारत शिकलो.

आता 'एलएमएस' या शब्दाचा घोळ, कारण अर्ध्या अडचणी तिथूनच निघतात. आमच्याकडं हा शब्द आधी ग्रंथालयात आला. मूल्यांकनाच्या अहवालात ग्रंथालयासाठी आयएलएमएस असा रकाना असतो, म्हणजे इंटिग्रेटेड लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, तिथं सोल किंवा कोहा असं सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं. त्यामुळं 'सर्व प्राध्यापकांनी एलएमएस वापरावे' अशी नोटीस लागली तेव्हा सिनियर मंडळी सरळ ग्रंथपालांकडं गेली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पुढं 2020 नंतर यूट्यूब चॅनेल, ड्राइव्हची लिंक, व्हॉट्सअप ग्रुप, जे असेल त्याचा स्क्रीनशॉट एलएमएस म्हणून फाईलला लागला. आणि खरा अर्थ, की एका कोर्सच्या नोट्स, असाइनमेंट, क्विझ, मार्क आणि कुणी कधी जमा केलं हे सगळं एकाच जागी राहतं, तो मागंच पडला. परिणाम असा झाला की कागदावर सगळेच 2020 पासून एलएमएसवाले, म्हणून आता बदल करताना 'यांना येतंच की' असं धरून दोन तासांचं ट्रेनिंग उरकलं. पण ग्रुपवर पीडीएफ टाकणारे सर पहिल्यांदाच सुरुवात करतायत आणि ज्या मॅडमच्या तीन वर्षांच्या क्विझ क्लासरूममध्ये आहेत त्यांना घर हलवायचंय, दोघांना एकाच हॉलमध्ये बसवून एकच पीपीटी दाखवणं मला तरी चुकीचंच वाटतं.

बदलायचं का ठरलं, तर फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं शिक्षणसंस्थांचं अनलिमिटेड स्टोरेज बंद करायचं जाहीर केलं, जुलै 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी. एकट्या कॉलेजला ते भरपूर आहे, पण उद्या अजून कमी केलं तर काय ही धास्ती बसली ती बसलीच. त्यात एप्रिल 2022 ला मूडल 4.0 आलं आणि स्क्रीनची मांडणीच बदलली, ज्यांनी आधी दुसरीकडं जुनं मूडल शिकून घेतलं होतं त्यांनाही परत बटणं शोधावी लागली.

आणि ट्रेनिंगमध्ये कुणी न काढलेला मुद्दा म्हणजे फॉन्ट. मराठीच्या मॅडमच्या पंधरा वर्षांच्या नोट्स श्रीलिपीत, म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. मूडलच्या पानावर पेस्ट केल्या तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची नुसती खिचडी. कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे कुठंही नीट दिसणारं मराठी, झालं, पण रफार भलत्याच अक्षरावर गेले, जोडाक्षरं फुटली, एकेक ओळ डोळ्यांनी तपासावी लागली. मग वैतागून छापील प्रत स्कॅन केली तर पीडीएफ 38 एमबीची आणि सर्व्हर 2 एमबीच्या वर घेईना. मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची मूळ सेटिंगच तेवढी असते, वाढवायला पाच मिनिटं लागतात, पण हे सांगायला त्या दिवशी कुणीच नव्हतं. गूगल फॉर्मच्या क्विझही आपोआप येत नाहीत, प्रश्न वेगळ्या फाईलमध्ये लिहून आणावे लागतात.

सध्या दर विभागात एक जण शेजारी बसून दाखवतोय, त्याचा उपयोग ट्रेनिंगपेक्षा जास्त होतोय. खूप बोलून जुनं क्लासरूम दिवाळीपर्यंत चालू ठेवून घेतलंय. मॅडमचे तीन युनिट युनिकोडमध्ये झालेत, दोन राहिलेत.