अलाबामातली डॉगट्रॉट घरे: पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेतले जुने घर म्हटले की उंच पांढऱ्या खांबांची हवेली आठवते. पण अलाबामा-मिसिसिपीच्या खेड्यांत अनेक शेतकरी राहत ते डॉगट्रॉट घरात. 1830च्या इंडियन रिमूव्हल कायद्यानंतर क्रीक, चॉक्टॉ या मूळ रहिवाशांना हुसकावून त्यांच्या जमिनी कापसाखाली आणल्या गेल्या, तेव्हा ही घरे झपाट्याने पसरली.

साधारण 16 ते 18 फूट चौरसाच्या ओंडक्यांच्या दोन खोल्या, मध्ये आरपार मोकळा बोळ, वर एकच छप्पर आणि दोन्ही टोकांना धुराडी, अशी ही रचना. सावलीतल्या बोळातून वारा खेळायचा. उन्हाळ्यात जेवण, कामे, झोप सगळे तिथेच. घर दगड-विटांच्या ठोकळ्यांवर उचललेले असल्याने घराखालूनही हवा फिरे. लाकूड बहुधा लाँगलीफ पाइनचे. त्याचा राळेने भरलेला गाभा सहसा कुजत नाही, आणि तसे जुने लाकूड आज नव्याने मिळत नाही.

पुढे रेल्वे आणि वाफेवरच्या गिरण्यांमुळे कापीव फळ्या स्वस्त झाल्या. लोकांनी ओंडके फळ्यांनी झाकले, बोळाला दारे बसवली. म्हणूनच अशी कितीतरी घरे आज ओळखू येत नाहीत. मधला दिवाणखाना वाजवीपेक्षा रुंद असेल आणि दाराच्या चौकटीत भिंत फार जाड दिसली, तर आत ओंडके असण्याची शक्यता धरावी. पाडण्याआधी एक फळी काढून बघावीच.

बिघाड सुरू होतो तो हवा कोंडल्यावर. ठोकळ्यांमधली जागा सिमेंटच्या ब्लॉकांनी बुजवली की खाली ओल साठते आणि वाळवीचे मातीचे बोगदे कुणाच्या नजरेला पडत नाहीत. त्यात एसी लावला की थंड झालेल्या फळ्यांच्या जमिनीच्या खालच्या अंगाला दमट हवेचे पाणी धरते. सर्वांत आधी जाते ती तळाची तुळई. पातळ पेचकसाने टोचून पाहावे. टोक सहज रुतले तर तेवढाच भाग कापून जोड द्यावा, अख्खी तुळई काढू नये.

धुराड्याच्या जुन्या विटा हाताने थापलेल्या, मऊ. कापसाच्या मोठ्या मळ्यांवर त्या गुलाम मजुरांनी थापल्या. काहींवर त्यांच्या बोटांचे ठसे अजून आहेत. या विटांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरल्या की ओल सांध्यातून सुटत नाही, विटेतून वाट काढते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे दरज तिच्या रुंदीच्या दोन-अडीच पट खोल हाताने कोरावी, भिंत भिजवावी आणि एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू असा माल थराथराने दाबावा. काही दिवस ओले पोते टाकून ठेवावे. चुना घाईने वाळला की भुगा होऊन गळतो.