वाळूच्या पोटातले दाबमापक

१९६४ साली जपानमधील निगाता शहरात झालेल्या भूकंपात काही बहुमजली इमारती फारशी मोडतोड न होता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या, कारण पायाखालची पाण्याने भरलेली वाळू काही काळ द्रवासारखी वागू लागली होती. हे द्रवीकरण प्रयोगशाळेत घडवायचे, तर पेटीत ओली वाळू भरून हलवणे पुरत नाही. खोलवरच्या मातीवर वरच्या थरांचा जो भार असतो, तो त्या पेटीत नसतो. म्हणून पेटी सेंट्रिफ्यूजच्या लांब भुजेच्या टोकाला बसवून फिरवतात. गुरुत्वाच्या ५० पट त्वरणात ३० सेंटिमीटरचा थर १५ मीटर खोल जमिनीसारखा वागतो. मात्र २० सेकंदांचा भूकंपही तिथे ०.४ सेकंदात उरकावा लागतो, त्यामुळे नोंदी सेकंदाला हजारोंच्या संख्येने घ्याव्या लागतात.

त्वरणमापक, विस्थापनमापक सारेच लागतात, पण खरी कसोटी वाळूच्या कणांमधील पाण्याचा दाब मोजणाऱ्या छोट्या दाबमापकाची. त्याच्या तोंडाशी सच्छिद्र चकती असते. ती वाळू अडवते आणि पाण्याचा दाब आतल्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचू देते. त्या चकतीत हवेचा बारीकसा बुडबुडा राहिला, तरी आधी तो दबतो आणि मगच पडदा हलतो. एवढ्या उशिरात दाबाचे टोक निसटून जाते, आणि आलेख मात्र अगदी गुळगुळीत, दिसायला निर्दोष येतो; फसगत होते ती इथेच. म्हणून चकती निर्वात पात्रात द्रवाने पूर्ण भिजवतात आणि वाळूत बसवेपर्यंत कोरडी पडू देत नाहीत.

दुसरी अडचण वायरींची. ताणलेली वायर वाळूला सळईसारखा आधार देते, म्हणून ती सैल सोडून बाजूने बाहेर काढतात. मापकाची घनताही भोवतालच्या मातीच्या जवळपास हवी, नाहीतर वाळू पातळ होताच जड मापक बुडतो आणि हलका वर येतो. प्रयोगानंतर वाळू थराथराने खरवडून प्रत्येक मापकाची जागा पट्टीने मोजतात, ते यासाठीच. एखादा दाबमापक ४ मिलिमीटर खाली गेला असेल, तर प्रत्यक्ष जमिनीच्या हिशेबाने ते २० सेंटिमीटर होतात आणि तेवढ्याने स्थिर पाण्याचा दाबच सुमारे २ किलोपास्कल जास्त दिसतो. हा फरक वजा केला नाही, तर हादरा थांबून पाण्याचा निचरा झाल्यावरही वाळूत दाब शिल्लक असल्याचा भास होतो.