रडार डिटेक्टर

रडार डिटेक्टर हे पोलिसांच्या वेगमापक रडारच्या लहरी पकडून चालकाला आधीच सावध करणारे छोटे उपकरण आहे. ते गाडीच्या पुढच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवतात. रडार गन गाडीच्या दिशेने सूक्ष्मलहरी सोडते. गाडीवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता वेगाच्या प्रमाणात बदललेली असते, यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर ताशी १०० किमी वेगाने गाडी आली, तर हा फरक जवळपास साडेचार हजार हर्ट्झ भरतो. गनकडे परतणारी लहर क्षीण असते, डिटेक्टरला मात्र थेट लहर मिळते. म्हणून तो बऱ्याच लांबून वाजू शकतो. लेझर गनपुढे त्याचे फारसे चालत नाही. लेझरचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि नंबर प्लेटवर रोखलेला असतो. डिटेक्टर वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो.

अमेरिकेत १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि या उपकरणाची चलती झाली. व्हर्जिनिया राज्यात आणि फ्रान्समध्ये त्यावर बंदी आहे. रडारला गोंधळात टाकणाऱ्या लहरी स्वतः सोडणारा जॅमर वेगळा. भारतात सरकारी परवानगीशिवाय तो वापरणे बेकायदा आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर डिटेक्टर क्वचितच दिसतो. त्याचे काम समोरून डिपर मारणारे चालक आणि मोबाइलवरचे नकाशे करतात. कॅमेरा जवळ आला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा एक्सलरेटर, ही सवय मात्र तीच. ती धोक्याची आहे, कारण मागच्या चालकाला पुढचा अचानक का थांबतोय ते कळत नाही.

मोटारींसाठी वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ताशी ८० किमी, तर जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किमीच्या अटल सेतूवर १०० किमीची मर्यादा आहे. किनारी मार्गावर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० असे टप्पे आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना १०० आणि जड वाहनांना ८०. घाटात याहून बरीच कमी. मर्यादा मोडणाऱ्या मोटारचालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार १,००० ते २,००० रुपये दंड होतो.

द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा चालू आहे. ती दोन गँट्रींमधला, म्हणजे रस्त्यावर आडव्या उभारलेल्या कॅमेऱ्यांच्या कमानींमधला, सरासरी वेगही काढते. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी १२० झाली. मध्ये कुठे ब्रेक दाबला याने फरक पडत नाही. सरासरी वेग असा काढताना पकडायला रडारची लहरच नसते, म्हणून डिटेक्टर मुकाच राहतो. शिवाय कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे फलक आधीच लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी २०२१ पासून सक्तीचे केले आहे. त्यामुळे डिटेक्टर जे पैसे घेऊन सांगतो, ते रस्ता फुकटात सांगतो.

खरा हिशेब थांबण्याच्या अंतराचा आहे. पुढे ट्रक बंद पडलेला दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर १०० च्या वेगात तेवढ्यात ४२ मीटर निघून जातात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनेही गाडी थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. ८० च्या वेगातली गाडी एकूण सुमारे ६९ मीटरमध्ये उभी राहते. त्याच जागी १०० ची गाडी अजून ताशी ७० किमीच्या वेगात असते, म्हणजे ट्रकवर आदळते ती त्या वेगाने. पावसाळ्यात काँक्रीट ओले झाले, टायर गुळगुळीत असले, की ही अंतरे आणखी वाढतात. आणि मिळते काय? ९४.५ किमीचा अख्खा द्रुतगती मार्ग १०० ऐवजी १२० ने पार केला, तरी दहा मिनिटेसुद्धा वाचत नाहीत. घाटात तर तो वेग धरताच येत नाही.

बोरघाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडले जातात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. उतरताना गिअर खालचा ठेवून इंजिनानेच वेग आवरायचा असतो, आणि मोटारचालकाने अशा ट्रकच्या पुढे रेंगाळू नये.