रामजी राव स्पीकिंग

रामजी राव स्पीकिंग : मलयाळम् भाषेतील लोकप्रिय विनोदी चित्रपट (१९८९). लेखन व दिग्दर्शन सिद्दीक आणि लाल या जोडीचे. दिग्दर्शक म्हणून दोघांचाही हा पहिलाच चित्रपट. निर्मितीची बाजू सांभाळणाऱ्यांत त्यांचे गुरू, दिग्दर्शक फाजिल हे प्रमुख होते. मुकेश, साईकुमार, इनोसंट, रेखा, विजयराघवन, देवन, मामुक्कोया आणि शंकराडी यांच्या त्यात भूमिका आहेत. छायालेखन वेणू, गीते बिच्चू तिरुमला, संगीत एस. बालकृष्णन. महाराष्ट्रातील प्रेक्षकाने या चित्रपटाचे नाव ऐकलेले नसले तरी कथानक त्याला पाठ असते. प्रियदर्शन दिग्दर्शित हेरा फेरी (२०००) हे याच चित्रपटाचे हिंदी रूपांतर होय.

शीर्षकातील रामजी राव हा नायक नसून मुलगी पळवून खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, आणि तो प्रथम भेटतो तो फोनवरच्या आवाजातून. हे शीर्षक फाजिल यांनी सुचविले, असे सांगतात. मराठी कानाला ‘रामजीराव’ हे नाव एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्याचे वाटते. मलयाळी प्रेक्षकाला मात्र त्यातला ‘राव’ परप्रांतीय, म्हणून काहीसा गूढ वाटत असावा. नावातली ही जरब रूपांतरात साहजिकच टिकण्यासारखी नव्हती. हिंदीत त्याचा कबीरा झाला.

कथानक : नोकरीत असताना वडील वारल्यामुळे अनुकंपा तत्त्वावर मिळायची नोकरी बालकृष्णनच्या (साईकुमार) हातून निसटते, आणि ती परत मिळविण्यासाठी तो शहरात येऊन राहतो. आश्रय मिळतो तो मत्तायीच्या (इनोसंट) घरी. मत्तायी हा डबघाईला आलेल्या ‘उर्वशी थिएटर्स’ या नाटक कंपनीचा मालक. तिथे आधीपासून राहणारा गोपालकृष्णन (मुकेश) बेकार असून आपण बड्या नोकरीवर आहोत असे आईला भासवीत असतो. बालकृष्णनच्या वाट्याची नोकरी जिला मिळाली ती राणी (रेखा) स्वतःच गरजू निघते, तेव्हा त्याचा संताप लटका पडतो. कर्जवसुलीसाठी त्याचा माग काढीत येणारा हंसक्कोया (मामुक्कोया) हे आणखी एक लचांड. कथेचा बराच भाग असा उलटल्यावर, दूरध्वनी निर्देशिकेतील घोळामुळे, उरुमीस तंपन या धनिकासाठी केलेला खंडणीचा फोन या घरात वाजतो. तिघे ठरवितात की निरोप तंपनला द्यायचा, पण रक्कम वाढवून, आणि मधला फरक आपण ठेवायचा.

कथाबीजाचा प्रश्न : चुकून आलेला खंडणीचा फोन आणि मधल्यामध्ये रक्कम वाढवून घेण्याची युक्ती हे बीज सी द मॅन रन या अमेरिकी दूरचित्रवाणीपटात (१९७१) आढळते. कोरी ॲलन दिग्दर्शित त्या पटात रॉबर्ट कल्प यांनी एका बेकार नटाची भूमिका केली आहे. दुसऱ्यासाठीचा फोन त्याला येतो आणि तो पळविलेल्या अपत्याच्या पालकांकडे वाढीव रक्कम मागून मधला पैसा लाटण्याचा बेत करतो. साम्य इतके नेमके आहे की ते योगायोगाने आले असे म्हणणे कठीण. त्यावरून रामजी राव स्पीकिंग हे सरळ अनुकरण ठरविणारे एक मत आहे, आणि चित्रपटविषयक सूचींमधून ते पुष्कळदा एका ओळीत नोंदवून सोडले जाते.

दुसऱ्या मतानुसार उसनी घेतली आहे ती केवळ कळ. यंत्र इथलेच आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याची कारणे पटकथेच्या बांधणीतच सापडतात. अमेरिकी पट हा रहस्यपट. त्यातील मोहात पडणारा माणूस विवाहित आहे, आणि फोन हाच कथेचा आरंभ. मलयाळम् चित्रपटात फोन येईपर्यंत प्रेक्षक तीन कफल्लकांच्या घरात चांगला रुळलेला असतो. भाडे, उधारी, चोरून खाल्लेले जेवण, आईला लिहिलेली खोटी पत्रे अशा गोष्टींवर पूर्वार्ध उभा आहे. खंडणीचा फोन काढून टाकला तरी हा पूर्वार्ध स्वतंत्र विनोदी नाटक म्हणून उभा राहील. मूळ पटाबाबत तसे म्हणता येत नाही. शिवाय सुशिक्षित बेकार हा या लेखकद्वयाचा जुनाच विषय. सत्यन अंतिक्काड दिग्दर्शित नाडोडिक्काट्ट (१९८७) या चित्रपटाच्या कथेचे श्रेय त्यांच्याकडे जाते, आणि त्यातही दुबईला निघालेले दोन बेकार तरुण फसवणुकीने मद्रासच्या किनाऱ्यावर उतरतात. साक्षरतेत पुढे आणि नोकऱ्यांत मागे असलेल्या, आखाताकडे डोळे लावून बसलेल्या १९८०–९० च्या दशकातील केरळात असे तरुण गल्लोगल्ली होते. त्यांच्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागत नव्हते.

आणखी एक मुद्दा आहे. त्याचा विचार या वादात फारसा होत नाही. सिद्दीक आणि लाल हे दोघेही कोच्चीच्या कलाभवन या संस्थेतून आलेले नकलाकार. फादर आबेल यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या वाद्यवृंदात, दोन गाण्यांमधली फट भरण्यासाठी नकला होत असत. हा भरणा बाजूला काढून नकलांचाच सलग कार्यक्रम करावा, या कल्पनेतून ‘मिमिक्स परेड’ जन्मास आली. तिचा पहिला प्रयोग सामान्यतः १९८१ सालचा मानला जातो, आणि पहिल्या सहा कलाकारांत ही जोडी होती. नकलाकाराचे भांडवल आवाज. समोर चेहरा नसताना आवाजावरून माणूस उभा करणे हेच त्याचे काम, आणि टेलिफोन हे त्यासाठी आयतेच साधन. पलीकडून कोण बोलतो ते दाखविणारी सोय तेव्हाच्या घरगुती फोनला नव्हती. क्रमांक शोधायचा तो छापील निर्देशिकेत, आणि लांबच्या फोनवर खरखर ठरलेली. या तिन्ही गोष्टींवर चित्रपटातील विनोद बेतलेला आहे. गोपालकृष्णन कलकत्त्याहून बोलत असल्याचे सोंग करतो, पलीकडून लोकरीच्या ब्लँकेटची मागणी येते आणि तो ऐकूच येत नसल्याचा बहाणा करीत राहतो, हा प्रसंग त्याचा उत्तम नमुना. ‘कंबिळिप्पुतप्प’ (लोकरीचे पांघरूण) हा शब्द नुसता उच्चारला तरी केरळात आजही हशा पिकतो. तेव्हा चुकीच्या फोनचे परदेशी कथाबीज या दोघांच्या नजरेत भरले असल्यास, ते नकलाकाराच्या नजरेत भरले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

निर्मिती : सिद्दीक–लाल यांनी फाजिल यांच्याकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी केली होती. पटकथाकार म्हणून त्यांचे पहिले काम पप्पन प्रियप्पेट्ट पप्पन (१९८६) हे होय. रामजी राव स्पीकिंगमध्ये मोहनलाल–मामुट्टी यांच्या तोलाचा तारा नव्हता. मुकेश तोवर दुय्यम भूमिकांत दिसे, आणि साईकुमार यांचे तर नायक म्हणून हे पदार्पण. संगीतकार बालकृष्णन हेही याच चित्रपटातून पुढे आले. चित्रण आलप्पुळा परिसरात झाले.

पात्रयोजनेतील एक योग नोंदविण्यासारखा आहे. मुकेश हे नाट्यकर्मी ओ. माधवन यांचे पुत्र, विजयराघवन हे नाटककार एन. एन. पिळ्ळ यांचे, तर साईकुमार हे कोट्टारक्करा श्रीधरन नायर या नामवंत नटाचे. बुडत्या नाटक कंपनीच्या गोष्टीत रंगभूमीच्या घराण्यांतली मुले अशी एकत्र आली. चित्रपटातील मत्तायीचा उल्लेख ‘मान्नार मत्तायी’ असा होतो. मान्नार हे आलप्पुळा जिल्ह्यातील, काशाच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. इनोसंट मूळचे इरिंजालक्कुडाचे. त्यांचा त्रिशूरकडचा हेल आणि मामुक्कोया यांची कोळिकोडकडची मोपला (मलबारी मुसलमानांची) बोली यांमुळे संवादांना जी चव येते, ती भाषांतरात हरवते. मलयाळम् न जाणणाऱ्याला उपशीर्षकांतून कथा कळेल, पण हंसक्कोया दारात येऊन ‘बालकृष्णा’ अशी हाक देतो तेव्हा सगळे का हसतात ते कळणार नाही.

प्रतिसाद : नवे दिग्दर्शक आणि तारकाविरहित संच यांमुळे सुरुवातीला गर्दी बेताचीच होती व तोंडी प्रसिद्धीने ती वाढत गेली, असे दिग्दर्शकांच्या आठवणींतून दिसते. चित्रपट पुढे मोठ्या यशास पोहोचला. त्यापाठोपाठ याच जोडीने इन हरिहर नगर (१९९०), गॉडफादर (१९९१) आणि व्हिएतनाम कॉलनी (१९९२) असे लागोपाठ यशस्वी विनोदपट दिले. कमी खर्चाचे, तीन-चार मध्यम नटांच्या जोरावर चालणारे ‘चिरिप्पडम्’ (हसविणारे चित्रपट) आणि नकलांच्या व्यासपीठावरून पडद्यावर येणारे कलाकार, या दोन्ही गोष्टी १९९० नंतरच्या दशकात मलयाळम् चित्रसृष्टीत रुळल्या. त्याचे सगळे श्रेय या एका चित्रपटाला देता येणार नाही. प्रियदर्शन यांचे विनोदपट त्याआधीपासून चालत होते, आणि कलाभवनचेच जयराम १९८८ मध्ये पद्मराजन यांच्या अपरन या चित्रपटातून नायक झाले होते. तथापि नकलाकार लेखक-दिग्दर्शक म्हणून पाय रोवू शकतो, हे येथून ठळकपणे दिसले.

रूपांतरे : तमिळमध्ये अरंगेट्र वेळै (१९९०) या नावाने स्वतः फाजिल यांनी, तर तेलुगूत धनलक्ष्मी, आय लव्ह यू (२००२) या नावाने शिव नागेश्वर राव यांनी रूपांतर केले. हिंदी रूपांतराचे संवाद नीरज व्होरा यांचे. त्यात कथा मुंबईत आली, निर्देशिकेतील घोळ स्टार गॅरेज आणि स्टार फिशरीज यांच्यात झाला, व मत्तायीचा बाबूराव गणपतराव आपटे झाला. ही भूमिका करणारे परेश रावल यांना विनोदी भूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. जाड भिंगांचा चष्मा, धोतर आणि मराठी वळणाची हिंदी या ऐवजावर बाबूराव अमराठी प्रेक्षकांतही अमाप लोकप्रिय झाला. गंमत अशी की नाटक कंपनीचा मालक मराठी माणूस झाला आणि नेमकी नाटक कंपनीच गेली. तिच्या जागी मोटारींचे गॅरेज आले. संगीत नाटक मंडळ्यांचे दिवाळे ज्या महाराष्ट्राने पाहिले, तिथे मूळ धंदा ठेवला असता तरी तो कुणाला परका वाटला नसता. हंसक्कोयाच्या जागी आलेला खडकसिंग (ओम पुरी) मात्र स्वतंत्रपणे जमून गेला आहे.

उत्तरभाग : मान्नार मत्तायी स्पीकिंग (१९९५) हा पहिला उत्तरभाग सिद्दीक–लाल यांनी लिहिला. दिग्दर्शक म्हणून नाव मणी सी. काप्पन यांचे असले, तरी प्रत्यक्ष दिग्दर्शन लेखकद्वयाचेच मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. त्या सुमारास जोडी फुटली. पुढे लाल हे अभिनय व निर्मितीकडे वळले, तर सिद्दीक यांनी बॉडीगार्ड (मलयाळम् २०१०, हिंदी २०११) यांसारखे चित्रपट एकट्याने केले. तिसरा भाग २०१४ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने केला, तो पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही. इनोसंट (२६ मार्च), मामुक्कोया (२६ एप्रिल) आणि सिद्दीक (८ ऑगस्ट) या तिघांचेही निधन २०२३ मध्ये, साडेचार महिन्यांच्या आत झाले.