केनियातील दूरसंचार व्यवस्था

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात दूरध्वनी, मोबाइल, इंटरनेट आणि मोबाइलवरून होणारी पैशांची देवघेव या सर्वांचा भार वाहणारी यंत्रणा. तांब्याच्या तारांचे जाळे घरोघर पोहोचण्याआधीच हा देश मोबाइलवर आला आणि पुढच्या काही वर्षांतच त्या मोबाइलवरून पैसे फिरू लागले. त्यामुळे येथे नेटवर्क बंद पडते तेव्हा बोलण्याबरोबर बाजारातील व्यवहारही थांबतो.

देशाच्या अंतर्भागात तारायंत्राची लाइन मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत बांधलेल्या (१८९६–१९०१) रेल्वेमार्गाच्या कडेने गेली. स्वातंत्र्यानंतर केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची टपाल व दूरध्वनी सेवा सामाईक होती. १९७७ मध्ये या तिन्ही देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय हा संघ मोडला आणि केनियात सरकारी महामंडळाची मक्तेदारी सुरू झाली. १९९९ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ कोटी ८७ लाख भरली, तेव्हा देशभरातील दूरध्वनी जोडण्या तीन लाखांच्या आसपास होत्या, आणि त्यांतही शहरांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी महामंडळाचे विभाजन होऊन टेलकॉम केनिया, टपाल महामंडळ आणि स्वतंत्र नियामक आयोग असे तीन भाग झाले. २००० पासून सफारीकॉम आणि केनसेल (आजची एअरटेल) या कंपन्यांनी प्रीपेड मोबाइल सेवा सुरू केली. थोड्या थोड्या रकमेचा टॉकटाइम भरता येऊ लागल्याने महिन्याच्या बिलाची ऐपत नसलेला माणूसही फोन बाळगू लागला. मोबाइल पसरण्यामागे तंत्रज्ञानाइतकेच हे छोटे रिचार्ज कारणीभूत आहे.

इंटरनेटची कथा अधिक अडखळत गेली. २००९ पर्यंत देशाबाहेर जाणारा जवळजवळ सगळा डेटा उपग्रहामार्गे जात असे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सहज मोडे आणि दरही परवडण्यापलीकडचे असत. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की, नैरोबीतील एका सेवादात्याच्या ग्राहकाने त्याच शहरातील दुसऱ्या सेवादात्याच्या ग्राहकाला पाठवलेला ईमेल आधी परदेशी जाई आणि मग परत येई. हा वळसा टाळण्यासाठी स्थानिक सेवादात्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीत इंटरनेट विनिमय केंद्र, म्हणजे सेवादात्यांनी एकमेकांचा डेटा देशातच थेट देण्याघेण्याची जागा, उघडले. टेलकॉम केनियाने आपल्या मक्तेदारीला धक्का लागत असल्याची तक्रार केली, नियामकाने दोन आठवड्यांतच केंद्र बंद पाडले, आणि ते पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडले. अशा केंद्राला लागणारी सामग्री फार मोठी नसते. अडले होते ते परवानगीपाशी.

जुलै २००९ मध्ये सीकॉम ही समुद्राखालील केबल मोंबासाला कार्यान्वित झाली. दक्षिण आफ्रिकेपासून किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या या केबलची एक शाखा थेट मुंबईला पोहोचते. त्याच वर्षी केनिया सरकारच्या पुढाकाराने संयुक्त अरब अमिरातीतील फुजैराहपासून मोंबासापर्यंत टीम्स ही केबल आली, आणि २०१० मध्ये ईसी ही तिसरी केबल. समुद्रातील एका दोऱ्यावर विसंबणे किती धोक्याचे, हे फेब्रुवारी २०१२ मध्ये दिसले. मोंबासाजवळ मनाई असलेल्या भागात एका जहाजाने नांगर टाकला आणि टीम्स तुटली. मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ईसी आणि सीकॉम एकाच दिवशी नादुरुस्त झाल्या, तेव्हा केनियासह अनेक देशांचा वेग कोसळला.

या साऱ्या यंत्रणेचे सर्वांत परिचित रूप म्हणजे एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने सुरू केलेल्या या सेवेच्या नावातील ‘एम’ मोबाइलचा, आणि ‘पेसा’ हा पैशासाठीचा स्वाहिली शब्द. तो हिंदी महासागरातील व्यापाराबरोबर आपल्याकडच्या ‘पैसा’ या शब्दातूनच तिकडे गेला. मुळात ही योजना सूक्ष्मकर्जाचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचे, हप्ते फेडण्यासाठी आखली होती. चाचणीत मात्र लोक एकमेकांना पैसे पाठवू लागले आणि सेवेचा रोख बदलला. नैरोबीत राबणारा मजूर कोपऱ्यावरच्या एजंटच्या टपरीत रोकड देतो, ओळखपत्र दाखवतो, एजंट वहीत नोंद करतो आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचा एसएमएस येतो. मग तो पिन टाकून ती रक्कम गावी आईच्या नंबरवर पाठवतो आणि ती गावातल्या एजंटकडून रोख घेते. यासाठी बँक खाते लागत नाही, स्मार्टफोनही लागत नाही. एजंटजवळ पुरेशी रोकड असणे मात्र आवश्यक असते, आणि गावच्या टपरीत ती संपली तर संदेश येऊनही हातात पैसे पडत नाहीत.

नकाशावरील खरी पोकळी उत्तरेत आहे. तुर्काना, मार्साबित, वजीर, मंडेरा या विरळ वस्तीच्या, बहुतांशी पशुपालकांच्या कोरड्या प्रदेशात टॉवर उभारणे कंपन्यांना परवडत नाही. म्हणून परवानाधारकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून तेथे खर्च केला जातो. जुलै २०२० मध्ये सुमारे २० किलोमीटर उंचीवरील फुग्यांमधून पश्चिम आणि मध्य केनियात इंटरनेट देण्याचा प्रयोग सुरू झाला, पण तो चालवणाऱ्या लून कंपनीने २०२१ मध्ये गाशा गुंडाळला. सोमालिया सीमेलगत अल-शबाब या सशस्त्र अतिरेकी संघटनेने अनेकदा टॉवर उडवले आहेत. विजेची लाइन नसलेल्या ठिकाणी टॉवर डिझेल जनित्रावर किंवा सौर पॅनेलवर चालतो, म्हणजे डिझेलचा टँकर रस्त्यात अडकला तरी सिग्नल जातो, आणि त्याबरोबर दुकानदाराला मिळायचे पैसे व शहरातून मुलाने पाठवलेली रक्कमही अडून राहते.